एक हात अंतर

दिवाळीचे आकाशकंदील उतरले, की आमच्या विश्रामबागेत संध्याकाळी एक आवाज सुरू होतो. धप्, धप्, धप्. मग क्षणभर काहीच नाही. आणि मग लोखंडी कडीवर काहीतरी आदळल्याचा खणखणाट. पलीकडच्या कॉलेजात बास्केटबॉलच्या स्पर्धांची तयारी सुरू झाली, असा त्याचा अर्थ. मी निवडत असलेली मेथी तशीच टाकून गच्चीवर जाते. घरातले एकमेकांकडे बघून म्हणतात, "गेली." गेलेली असतेच. पुढचा अर्धा तास मी कुणाची आई नसते, कुणाची बायको नसते. मी बहात्तर सालच्या एका मुरमाच्या मैदानावर असते, कमरेला ओढणी आवळलेली, आणि घसा फुटेस्तोवर ओरडत असते.

यंदा हे जरा जास्तच होतंय. पाऊस तोंड दाखवून गेला तो गेलाच. गल्लीत दिवसाआड टँकर येतो, बायकांची बाचाबाची होते, आणि त्या गलक्यात मागून तो चेंडूचा ठेका येत राहतो. पाण्यासाठीचं भांडण आणि चेंडू, हे दोन आवाज एकदम कानावर आले की माझ्या नाकात धुळीचा वास भरतो. साधी धूळ नव्हे. साबणाचा वास असलेली धूळ. तो वास मी जगात दुसरीकडे कुठेही घेतलेला नाही, आणि त्यामागची हकिगत ऐकल्यावर तुम्हीही म्हणाल की तो दुसरीकडे असणं शक्यच नव्हतं.

आमचं कॉलेज छोटं. जिमखाना म्हणजे एक खोली, तिच्यात कॅरमचा एक बोर्ड, भिंतीला टेकलेले दोन भाले, आणि ते भाले कुणाला मारण्यासाठी वापरू नयेत अशी सूचना. बास्केटबॉलचं मैदान एकच. मुलांचा संघ जुना आणि नावाजलेला. मुलींचा संघ नवा, आणि त्याचं नाव घेताना लोक थोडं हसत. आम्ही सगळ्या मिळून सात जणी. कप्तान मी. माझी उंची म्हणाल, तर चेंडू डोक्यावर धरला की मी बहुतेक मुलींएवढी व्हायचे. पण आमचे पी.टी.चे सर म्हणाले, "नलू, आरडाओरडा करायला कुणीतरी लागतं," आणि त्या कामात मला सांगलीत तोड नव्हती.

खेळायला मात्र आमच्याकडे शालन होती.

शालन कवठे महांकाळच्या पलीकडच्या एका कोरडवाहू गावातून आलेली. वसतिगृहाच्या दारातून आत येताना मान वाकवायची. गावात तिच्या उंचीची सगळ्यांना काळजी होती. हिला नवरा कुठनं आणायचा, असं बायका तिच्या देखत बोलत. काळजी नव्हती ती एकट्या तिच्या वडिलांना. अण्णा फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. पलटणीत बास्केटबॉल खेळलेले. घरी आल्यावर त्यांनी गोठ्यासमोरच्या कडुलिंबाच्या झाडाला लोखंडी पट्टीची कडी ठोकली आणि पोरीला उभं केलं. म्हशी रवंथ करत बघायच्या आणि हवालदार हुकूम सोडायचे. "शाले, कोपर आत. घुटना मोड. फेक." तिचा शॉट असा सुटायचा, की चेंडू कडीला शिवायचाही नाही. जाळीतून पडताना पिकलेलं सीताफळ फुटावं तसा हलका आवाज व्हायचा, एवढंच.

मुरमाच्या मैदानाला रोज पाणी लागतं. पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, चुन्याच्या रेषा ओढायच्या. पाणी नाही मिळालं तर वरचा थर सुटतो, चेंडू उसळत नाही, आणि दहा जण पळायला लागले की कोण कुठे आहे ते फक्त आवाजावरून कळतं. त्या वर्षी पाऊस झालाच नाही, आणि दिवाळीनंतर कॉलेजच्या विहिरीचा तळ दिसू लागला. प्राचार्यांनी सांगितलं, मैदानाला विहिरीचं पाणी बंद. यंदा मुलींचा संघ राहू द्या, मुलांचं काय ते बघू.

शालननं त्यावर काढलेला तोडगा ऐकून सर आधी लाजले आणि मग खूश झाले. वसतिगृहात प्रत्येकीला आंघोळीला एक बादली मिळत असे. न्हाणीघराच्या मोरीचं तोंड बाहेरच्या पिंपाकडे वळवायचं आणि ते पाणी मैदानावर मारायचं. म्हणजे वसतिगृहातल्या झाडून साऱ्या मुलींच्या आंघोळीवर कॉलेजचा बास्केटबॉल तरला. मैदानाला चंदनी साबणाचा, शिकेकाईचा आणि आठवड्यातून एकदा खोबरेल तेलाचा वास येई. मुलांच्या संघातली आडदांड पोरं, ट्रॅक्टर चालवणारी, उसाची मोळी एका हातानं उचलणारी, त्या वासानं इतकी गांगरून जात की पहिले दोन दिवस त्यांचा एकही शॉट धड पडला नाही.

पाणी आमचं असल्यामुळे आम्हाला मैदानावरून हाकलणं आता शक्य नव्हतं. पण ते पाणी एकाच वेळेपुरतं पुरे. आधी आम्ही आणि मग मुलं, असं करावं तर तोवर मैदान उकललेलं. आणि सात जणींत दोन संघ तर होत नव्हते. तेव्हा सरांनी सांगलीत त्याआधी कुणी केलं नसेल असं धाडस केलं. मुली विरुद्ध मुलं, असा सराव ठेवला. मात्र घरच्यांच्या तक्रारी येऊ नयेत म्हणून मुलांना ओळीत उभं करून बजावलं, "मुलींपासून एक हात अंतर. हात पाठीमागे बांधायचे. ज्याचा धक्का लागेल तो त्या दिवसापुरता घरी."

ते दृश्य मला रंगवून सांगता येईल, पण रंगवायची गरजच नाही. पाच दांडगे तरुण, हात पाठीमागे बांधलेले, मान किंचित खाली, आमच्यासमोर उभे. अंतरपाटापलीकडे पाच नवरदेव. शालन चेंडू घेऊन निघाली की ते बाजूला सरत जात, आणि चुकून कुणाची बाही तिला लागलीच तर खेळ थांबवून म्हणत, "सॉरी ताई." त्यातला एक मुकुंद. कोयनानगरच्या धरण कॉलनीतला, वडील तिथे नोकरीला. सदुसष्टचा भूकंप शाळेत असताना अंगावर घेतलेला मुलगा. रस्त्यावरून जड लॉरी गेली तरी वर्गातून उठून दाराशी जायचा. मितभाषी, चांगला उंच, शालनला अडवायचं काम त्याच्याकडे. तो तिच्यासमोर इतक्या आदबीनं उभा राही, की मी ओरडायची, "मुकुंद, ती देवी नाही, नैवेद्य नको दाखवूस." तो लाल व्हायचा आणि आणखी एक पाऊल मागे सरायचा.

आणि शालन फुलत गेली. समोर मोकळी हवा, पायाखाली ओलसर मैदान. कुठूनही टाकावा आणि आत जावा. बघायला मुलं कुंपणाबाहेर जमायला लागली. सर वहीत डोकं घालून म्हणायचे, "ही विद्यापीठाच्या संघात जाते." आम्ही सगळ्या ते धरूनच चाललो होतो.

तिचं विद्यापीठाच्या संघात जाणं ही काही हौसेची बाब नव्हती. शनिवारी दुपारच्या एसटीनं ती घरी जायची आणि सोमवारी सकाळी परत यायची. रविवारी तिच्या गावाशेजारच्या दुष्काळी कामावर आईच्या बरोबरीनं खडी फोडायची. सोमवारी तिचे तळवे बघवत नसत. मी हळद लावायला गेले की म्हणायची, "ऱ्हाऊ दे गं नले. चेंडू गोल हाय, खडीला कोपरं असत्यात. चेंडूनं काय हुत न्हाई." अण्णांचं पेन्शन आणि ते काम, एवढ्यावर घर चाललं होतं, आणि परीक्षेनंतर शालनला कॉलेज सोडून कायमचं तिथं बसावं लागणार हे ठरलेलं होतं. फक्त एक वाट होती. शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात फी माफ होऊन जागा मिळत होती, राहण्याखाण्यासकट, पण विद्यापीठाच्या संघात निवड झालेल्यांना. पुढे शाळेत नोकरी. ती निवड व्हायची होती साताऱ्यात, स्पर्धेच्या वेळी.

आज गच्चीवरून मी मुली खेळताना बघते. सिमेंटचं मैदान, दिवे, रंगीत पट्ट्यांचे बूट. त्या एकमेकींना अशा भिडतात, की मला इथवर कोपरं लागतात. एक पडते, उठते, जिनं पाडलं तिलाच टाळी देते. मला त्यांचा हेवा वाटतो, आणि त्याहून एक चमत्कारिक राग येतो, तो त्यांचा नव्हे. आयुष्यात पुढे मला सभ्य माणसं पुष्कळ भेटली. बाईमाणूस म्हणून मला बैठकीत आधी खुर्ची देणारे, माझं बोलणं न अडवता ऐकून घेणारे, आणि मग मी गेल्यावर खरा वाद घालणारे. ते माझा मान राखत होते यात शंका नाही. पण मला प्रत्येक वेळी त्या पाठीमागे बांधलेल्या हातांचीच आठवण झाली. माणसासमोर कुणी उभंच राहिलं नाही, तर त्याला आपलं बळ कळावं कसं?

आम्हाला ते साताऱ्यात कळलं.

साताऱ्याची हवा कोरडी, थंड, आणि मागे डोंगर असा उभा की कुणीतरी आपल्याकडे टक लावून बघतंय असं वाटावं. आमचा सामना सकाळचा, मुलांचा त्यानंतर. अण्णा गावाहून परस्पर आले होते, जुना फौजी स्वेटर घालून, आणि मैदानाच्या अगदी रेषेवर उकिडवे बसले होते. निवड समितीच्या बाई टेबलामागे. चष्मा, नीट इस्त्रीची सुती साडी, समोर कागद.

सामना सुरू झाला. चेंडू शालनकडे आला, तिनं उडी घेण्यासाठी गुडघे वाकवले, आणि साताऱ्याची एक लुकडी, लांब वेणीची मुलगी तिला येऊन चिकटली. अक्षरशः चिकटली. छातीशी हात, गळ्याशी श्वास. शालननं दचकून मागे पाहिलं. मला आजही शपथेवर सांगता येईल, की ती 'सॉरी ताई' कुणी म्हणतंय का याची वाट बघत होती. तेवढ्यात चेंडू गेला.

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा शालन त्या मुलीला म्हणाली, "अगं, लांब हो की जरा."

"का?" ती मुलगी म्हणाली. "तुला ओवाळायचंय का मला?"

आजूबाजूची पोरं हसली. शालन चेंडू टाकत होती आणि तो कडीला, फळीला, एकदा तर सरळ कुणाच्या तरी पाठीला लागत होता. जिला रिकाम्या हवेत डोळे मिटून जमत होतं, तिला समोर एक माणूस आलं की कडी दिसेनाशी होत होती. मी ओरडायचंही विसरले. मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा आम्ही बरंच मागे होतो आणि निवड समितीच्या बाईंनी एकदाही लेखणी उचललेली नव्हती.

अण्णा उठले ते शालनकडे नाही, मुलांच्या संघाकडे गेले. "काय रं गड्यांनो, दोन म्हयनं हिला कोन गार्ड देत हुतं?"

मुकुंदनं हळूच हात वर केला.

"कसा देत हुतास? दाव की."

मुकुंद उभा राहिला. हात पाठीमागे बांधले. अण्णा त्याच्याकडे बघतच राहिले. "आन् हितं काय चाललंय तुमचं? पंधरा ऑगस्टची परेड?"

सर मध्ये पडले. "हवालदार, मुलींचा प्रश्न होता. सभ्यता पाळायला नको?"

"आवं सर, सभ्यता पाळली म्हनूनच तर पोरगी बुडाली." अण्णा मुलांकडे वळले. "टाइम हाय अजून. उभं ऱ्हावा कोनतरी हिच्याम्होरं. नीट. माझ्यासमोर."

कुणी हललं नाही. बापानं सांगितलं तरी चारचौघांत, परगावी, त्याच्या मुलीच्या अंगाला भिडायचं? पोरांनी बूट न्याहाळायला सुरुवात केली. तेवढ्यात शालन पुढे आली. ओढणीनं तोंडावरची धूळ पुसली आणि म्हणाली, "मुकुंद, तू ये."

त्यानं आपले हात पाठीमागून असे सोडवले, जणू ते कुणी दुसऱ्यानं बांधून ठेवले होते. चिंचेच्या झाडाखाली ती दोघं समोरासमोर उभी राहिली. पहिल्यांदा तो जेमतेम टेकला. "आनि जवळ," शालन म्हणाली. तो आणखी जवळ गेला. "रेट की. मी काय काचंची हाय?" मग त्यानं रेटलं. ती डगमगली, वळली, त्याच्या कोपराखालून निसटली. पुन्हा. पुन्हा. धुळीचा लोट उठला. कुंपणावरच्या पोरांनी शिट्ट्या घातल्या, कुणीतरी फिल्मी गाण्याची ओळ फेकली. अण्णा मध्येच ओरडत होते, "खांदा घाल. खांदा." शिट्टी होईपर्यंत सगळा सातारा त्या चिंचेकडे बघत होता. टेबलामागच्या बाईसुद्धा.

उत्तरार्धात शालन खेळली. वेणीवाली चिकटली, शालननं खांदा घातला आणि वर उठली. त्यानंतरचं वर्णन मी गेली पंचवीस वर्षं कुणालाही ऐकवते, आणि दर वेळी कमीच पडतं. सामना आम्ही थोडक्यात हरलो. पण बाईंची लेखणी चालत होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मुलांचा सामना संपत आला तेव्हा त्यांनी शालनला बोलावलं. कप्तान म्हणून मी बरोबर गेले. बाई तुसड्या नव्हत्या. त्यांनी तिला आधी पाणी दिलं.

"छान खेळलीस. मध्यंतरात काय चाललं होतं ते?"

"प्रॅक्टिस, बाई."

"मुलाबरोबर? अशी, सगळ्यांसमोर?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे बघ, मला तुमच्यासारख्या मुली घेऊन परराज्यात जावं लागतं. प्रत्येकीच्या घरी मी शब्द देऊन येते. उद्या कुणी म्हणालं, ती साताऱ्यात असं करत होती ती मुलगी तुमच्या संघात कशी, तर मी काय उत्तर देऊ? इथल्या दोघांनी आत्ताच विचारलं मला."

शालननं पाण्याचा पेला टेबलावर ठेवला.

"तुझं नाव मला घालायचं आहे," बाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "तो मुलगा आपणहून अंगाशी आला, तुझ्या मनात नव्हतं, एवढं म्हण. मी तुमच्या कॉलेजला कळवीन, त्याला यंदा खेळू देणार नाहीत, विषय संपला. तुझ्याकडे कुणी बोट दाखवणार नाही."

मी शालनच्या हाताला हळूच चिमटा काढला. म्हण, असा त्याचा अर्थ होता. तिनं हात काढून घेतला.

"मी बोलावलं त्याला."

"नीट विचार कर."

"मीच बोलावलं, बाई. जवळून खेळायची सवय न्हवती मला. ती लागाय पायजे हुती." आणि मग, बाईंनी आपल्याला खोटारडी समजू नये असं वाटून की काय, पुढे म्हणाली, "बगितलंसा न्हवं, मग पडाय लागलं."

मला वाटलं, बाई आता हसतील आणि नाव लिहितील. त्यांनी नाव न लिहिताच लेखणीला टोपण लावलं. "बरं. जा तू."

फाटकाशी अण्णा आणि मुकुंद उभे होते. मुलांचा सामना उरकला होता, आणि जिंकूनही मुकुंदचा चेहरा पडलेला होता. शालननं जसंच्या तसं सगळं सांगितलं, काही न गाळता. मी मनात म्हणत होते, आता फौजी बाप पोरीची पाठ थोपटणार.

"मग म्हनायचं हुतंस तसं," अण्णा म्हणाले.

मुकुंद समोरच होता. अण्णांना त्याची पर्वा नव्हती. "याचं काय बिघडत हुतं? याचा बाप नोकरीला हाय. एक वरीस न्हाई खेळला तर मरत न्हवता. तुला खडीवर बसायचं हाय, शाले. तुला."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. हुकूम सोडणारा तो माणूस पहिल्यांदाच विनवत होता, आणि विनवून आता काहीही होणार नव्हतं, हे त्यालाही कळत होतं.

"मग उद्या माझ्याम्होरं कोन उभं ऱ्हायलं असतं, अण्णा?" शालन म्हणाली.

सांगलीची एसटी खचाखच भरलेली. अण्णा, शालन आणि मला मिळून एक बाक मिळाला. मुकुंद दाराजवळ दांडा धरून उभा होता, आमच्याकडे न बघता. शालन खिडकीशी. बाहेर उंब्रजपर्यंत जमीन भाजून काढल्यासारखी तपकिरी, आणि तिच्यावर कुठं कुठं दुष्काळी कामावरून घरी परतणाऱ्या बायकांच्या रांगा. ती त्या रांगांकडे बघत होती. माझ्यासारखी बाई दोन तास गप्प बसली, यावरून काय ते समजा.

कराडच्या अलीकडे अण्णांनी मला कोपरानं ढोसलं. "सरक गं पोरी." मग दाराकडे बघून म्हणाले, "ए, ये हितं. बस."

"नको अण्णा, बरा आहे मी," मुकुंद म्हणाला.

"बस म्हंतोय न्हवं."

तो आला आणि बाकाच्या टोकावर टेकला. अण्णांनी त्याला दंडाला धरून आत ओढला. चौघं जण तीन जणांच्या जागेत, खांद्याला खांदा, कुणाला श्वास घ्यायला जागा नाही. मग अण्णांनी समोर बघतच विचारलं,

"वसतिगृह कवापतुर हाय हिचं?"

"परीक्षेपर्यंत," मुकुंद म्हणाला.

"मग तवर रोज उभं ऱ्हायाचं हिच्याम्होरं. लय जोरात रेटायचं. समजून घ्यायचं न्हाई."

"व्हय," मुकुंद म्हणाला. कॉलनीतल्या त्या मुलाच्या तोंडून मी ऐकलेला तो पहिला 'व्हय'.

परतल्यावर तो रोज तिच्यासमोर उभा राहिला. त्याचं बघून बाकीची मुलंही राहिली, आणि सर जिमखान्याच्या खोलीत काहीतरी शोधत बसू लागले. मार्चमध्ये पिंपात पाणी पडेनासं झालं आणि वसतिगृह परीक्षेआधीच रिकामं करावं लागलं. त्या मधल्या दिवसांत शालन जशी खेळली, तसं मी पुन्हा कुणाला खेळताना पाहिलं नाही. बघायला आम्हीच होतो.